फोनवर शिकलेली सर्जन

जुमाकादिर आगायचा विश्वास कशावरच नव्हता. दुसऱ्याने ओतलेला चहा ते आधी हुंगायचे. ऑपरेशननंतर नर्सने मोजलेले कापडाचे बोळे स्वतः पुन्हा मोजायचे. रोग्याने ‘सकाळपासून काही खाल्लं नाही’ म्हटलं की त्याच्या बायकोला बाहेर गाठून तेच विचारायचे, आणि बहुतेक वेळा नूडल्सचा मोठा वाडगा कबूल करून घ्यायचे. आगाय म्हणजे गुरुजी. नारिन नदीच्या वरच्या अंगाला, खिंडीपलीकडच्या आमच्या इस्पितळात हयातभर ते एकटेच सर्जन. मी दामिरा, भूल देणारी डॉक्टर. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, तशी मीही संशयी होत गेले.

त्यांचा सगळ्यात मोठा संशय मिरगुलवर होता. ही पोरगी त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकायला आली आणि महिन्याभरातच साथ आली. ऑपरेशनं बंद झाली, ऑपरेशनच्या खोलीतसुद्धा खाटा पडल्या. वय झालेल्या डॉक्टरांनी घरी बसावं असा हुकूम निघाला आणि मिरगुलला ऑक्सिजनच्या वॉर्डात धाडलं. आगायनी घरून फोनवर शिकवायचं ठरलं. रेंज फक्त मेंढवाड्याच्या छपरावर. फरची टोपी घालून हे छपरावर बसणार, चहाच्या समोवाराच्या तोटीला दोरा बांधून फोनला गाठ दाखवणार, खाली मेंढ्या ओरडणार. ‘दिसली का?’ म्हणून विचारलं की पलीकडून ‘दिसली आगाय’ असं उत्तर यायचं. त्यांना ते कधीच खरं वाटलं नाही. पोरगी गाठ बघतेय की मांडी घालून कणीक मळतेय, कोणास ठाऊक, असं मला म्हणायचे.

साथ ओसरली तोवर मिरगुलची शिकायची वर्षं संपली होती. कागदावर ती सर्जन झाली. गावाने तिचं नाव ‘फोनवाली’ ठेवलं. म्हाताऱ्या तिच्यापुढे पोट उघडं करायच्या आधी आगाय कुठे आहेत ते विचारायच्या. आणि आगाय होतेच. दोन हिवाळे त्यांनी तिला एकही ऑपरेशन एकटीला करू दिलं नाही. सुरी तिच्या हातात आणि तिच्या हातावर यांचा हात. ती काही बोलायची नाही, तोंडाला कुलूप. त्या गप्प बसण्याचाही आगायना संशय यायचा. मलाही यायचा, खोटं कशाला बोलू.

इकडे आगायना स्वतःच्याच जांघेत हर्निया होता आणि तो त्यांनी पट्टा आवळून वर्षानुवर्षं लपवला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माघात बर्फात रुतलेली कोणाची तरी गाडी ढकलायला गेले आणि गाठ बाहेर आली ती आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. आतडं अडकलं होतं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. खिंड बर्फाने बंद. शहरातून कोणी येऊ शकत नव्हतं. उरली मिरगुल.

माझ्याकडे बघून ते म्हणाले, “मला झोपवायचं नाही. कमरेखालचं बधिर कर, बस. झोपलेल्याच्या पोटात काय काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.”

ऑपरेशनच्या टेबलावरचा आमचा दिवा जुना, त्याची आतली वाटी आरशासारखी चकचकीत. आगायनी तो स्वतःच हवा तसा वळवून घेतला आणि त्या वाटीत स्वतःची जांघ बघत पडून राहिले. मिरगुलने कातडी उघडली. सुरी जरा थांबली की हे हुंकार देत. मी त्यांच्या उशाशी होते, त्यांचा घाम पुसत होते, आणि माझी नजर तिच्या बोटांवर होती.

अडकलेला फास सोडवून तिने आतड्याचा वेढा बाहेर काढला. पिकल्या जांभळासारखा काळपट.

“मेलंय ते,” आगाय म्हणाले. “काप.”

मिरगुलने गरम पाण्यात पिळलेली कापडं मागितली आणि वेढा झाकून टाकला. मला म्हणाली, “एजे,” म्हणजे ताई, “यांना ऑक्सिजन वाढवा.”

मेलेलं आतडं आत ठेवलं तर माणूस सडून मरतो. आणि कापून जोडायचं काम हिने जन्मात कधी केलं नव्हतं. ही वेळ काढतेय, मला पक्कं वाटलं.

“घाबरलीस तू,” आगाय म्हणाले. “कापता येत नाही म्हणून झाकून ठेवलंस.”

“गप्प राहा, आगाय. मला रंग बघू द्या.”

त्यांना गप्प राहा म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मिरगुलने कापड उचललं, बघितलं, पुन्हा गरम कापड घातलं. पुन्हा तेच. मी दोनदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चौथ्यांदा कापड उचललं तेव्हा वेढ्याच्या कडेला लाली होती. मग ती लाली आत सरकत गेली, आणि ते आतडं गांडुळासारखं हळूच वळवळलं. जिवंत होतं. कापलं असतं तर त्या वयात, आमच्या त्या खोलीत, आगाय जगले असते असं मला वाटत नाही. तिने ते अलगद आत ढकललं.

आगायनी संशयानेच विचारलं, “हे कोणी शिकवलं तुला? मी नाही शिकवलं.”

“कोणीच नाही,” ती वर न बघता म्हणाली. “साथीच्या त्या जुलैत तुम्ही घरी होता. एजे तापाने पडल्या होत्या. वॉर्डात मी एकटी. ऑक्सिजनची नळी एक आणि माणसं तीन. ओठ निळे, नखं निळी. कोणाचा रंग परत येईल ते बघायचं आणि त्याला नळी लावायची.”

माझा हात त्यांच्या कपाळावर तसाच राहिला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

“आणि कधी चुकलीस का?” आगायनी विचारलं.

“हो,” मिरगुल म्हणाली आणि तिने नर्सकडे दोरा मागितला.

आगायनी दिव्यावरची नजर काढून डोळे मिटले आणि शेवटचा टाका पडेपर्यंत उघडले नाहीत.