शिवरंजनी काही पुसत नाही

ईट गावात लग्न कुणाचंही असो, मंगलाष्टकं सुरू झाली की नवरा-नवरीच्या अगदी तोंडापुढं एक बाई उभी असते. पदर कमरेला खोचलेला, डोळ्याला कॅमेरा. पहिल्या साली म्हातारी माणसं ओरडली होती, "ए बाई, बाजूला सर, अक्षता अडत्यात." ती सरली नव्हती. डोक्यावर, पाठीवर अक्षता झेलत तिनं अख्खं लग्न टिपलं होतं. आता भटजीच विचारतात, "शिवरंजनीबाई, झालं का? म्हणू का पुढचं?"

तिचं दुकान बाजारतळाच्या कडेला आणि दुकानामागं घर. दोहोंच्या मधल्या खोलीत लाकडी फळीवर एक काळा डबा बारीक घुमत बसलेला असायचा. तो तिचा घरचा सर्व्हर. जुन्या कंप्युटरच्या सांगाड्यात, मोबाइलवर व्हिडिओ बघत, दहा वेळा चुकत तिनं तो स्वतः उभा केलेला. पुढच्या अंगाला कपाटासारखे चार खण आणि दर खणात एक हार्डडिस्क. तार राउटरला जोडलेली, त्यामुळं दुकानात बसा नाहीतर चुलीपाशी, आतलं सगळं पडद्यावर दिसायचं. गावातली लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, शाळेची स्नेहसंमेलनं, सप्ताहाच्या पंगती. तिनं काढलेलं सगळं त्या डब्यात.

सुरुवातीला ती लोकांना सीडी करून द्यायची आणि आपल्याकडचं मोकळं करायची. मग कुणाच्या सीडीला बुरशी आली, कुणाची लेकरं तिची चकती करून खेळली. लोक परत यायचे आणि हिच्याकडं काही नसायचं. अशी दोन-चार माणसं रिकाम्या हातानं दारातून गेली आणि शिवरंजनीनं ठरवलं, आता पुसायचं नाही.

तिच्या दिराला, शिवराजला, हे पटत नव्हतं. अल्बम छापायचं आणि फलक करायचं काम तो बघायचा. "वहिनी, लोकांनी आपापलं नेलंय. त्यांचा जुना पसारा आपण का सांभाळायचा?"

"भावजी, लग्न नवरा-नवरीचं, ते त्यांनी नेलं. पण त्या लग्नात मागं उभी राहिलेली माणसं कुणी नेली?"

"मागच्या माणसांनी पैसे दिलेत व्हय आपल्याला?"

"न्हाय दिले. म्हणूनच म्या पुसत न्हाय."

नवरात्र बसायच्या आधी बनाबाई दुकानात आली ती याच मागच्या माणसांतल्या एकासाठी. तिचा नवरा पिराजी. भूम तालुक्यात मांडव घालावा, लायटिंगच्या माळा सोडाव्यात तर पिराजीनं. गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर तो गेला. आता वर्ष भरत आलं होतं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता आणि फलकाला फोटो नव्हता. घरात होतं ते एक आधार कार्ड.

"ह्याच्यावरचा माणूस बघ," बनाबाईनं कार्ड पुढं केलं. "चोर धरून आणल्यावानी दिसतुया. म्या वळखत न्हाय ह्याला. सगळ्यांच्या लग्नात व्हते ते, तुझ्या डब्यात कुठंतरी असतीलच."

"असणारच, मावशी. नवमी झाली की काढून देते," शिवरंजनी म्हणाली.

नवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याला विश्रांती द्यायची आणि त्याची पूजा करायची, ही घरची रीत. शिवरंजनीनं सकाळीच सर्व्हर बंद केला, वरच्या पत्र्याला हळदकुंकू लावलं आणि शेजारच्या वस्तीवर देवीच्या मिरवणुकीचं काम होतं तिकडं निघून गेली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तिनं बटण दाबलं. डबा घुमला, पण पडद्यावर आतलं काहीच आलं नाही.

त्या डब्याची रीत तिला तोंडपाठ होती. चार हार्डडिस्कमधली एक गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं भरून काढतात. दुसरी गेली की मात्र सगळंच गेलं. आणि एक तर उन्हाळ्यातच गेली होती, पत्र्याच्या खोलीतल्या उकाड्यानं. तेव्हाच नवी घालायला पाहिजे होती. पण शिवराजचा ड्रोन कॅमेऱ्याचा हट्ट होता, पैसे त्यासाठी बाजूला काढलेले, म्हणून तिनं ते पुढं ढकललं. आता पडद्यावर चौथ्या खणातली हार्डडिस्कही दिसेना. तिनं खण बदलून बघितला, तार बदलून बघितली. ती हार्डडिस्क आपली मुकीच.

भूमहून गौरीशंकर आला. कंप्युटरची दुरुस्ती करणारा, हाताला चांगला माणूस. त्यानं बराच वेळ खटाटोप केला, मग खुर्चीत मागं रेलला.

"ताई, खरं बोलू का गोड बोलू?"

"खरं बोला. गोड बोलायला घरात माणसं हायत."

"चारातल्या दोन गेल्या. उरलेल्या दोघींचं आता निस्तं लोखंड. आतलं गेलं म्हणायचं आणि नव्यानं मांडामांड करायची."

त्यानं पडद्यावर एक खिडकी उघडली. सगळं पुसून नवं करायचं का, असं ती विचारत होती.

"दाबा, साहेब," शिवराज म्हणाला. "एकदाचा जीव सुटंल."

"गौरीशंकरभाऊ, त्या माउसवरचा हात काढा," शिवरंजनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण गौरीशंकरनं हात काढला.

"मेलेल्याला किती दिवस घरात ठेवायचं, वहिनी?"

"मेलंय हे तुमी सांगताय, भावजी. मला अजून पटलं न्हाय. आणि मेलं असंल तरी माझ्या हातानं पुसणार न्हाय. तसंच फळीवर ठेवीन."

तेवढ्यात सासू कोंडाबाई चहा घेऊन आली. नव्या वस्तूंचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. "नवं आणायचं तर दसऱ्याच्या आधी आणायचं व्हतं," ती म्हणाली. "नवमीला त्यांनाबी हळदकुंकू लागलं असतं. आता वर्षभर बिनपूजेचं राहणार."

"आत्या, डब्याला म्या लावलं व्हतं की सकाळी."

"तू वरच्या पत्र्याला बोट टेकवून पळालीस. राबत्यात ते आतले चौघं. औत पुजायचं तर फाळाला कुंकू लावत्यात का औत ठेवायच्या छपराला?"

शिवरंजनी फळीकडं वळली. "आत्या, तुमी खण बाहेर काढले?"

"काढले. तू धूळ झाडताना काढतीस तसेच. ओल्या फडक्यानं पुसले, तोंडाला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि जागच्या जागी सरकवले. काय चुकलं माझं?"

गौरीशंकरनं कप खाली ठेवला. "आजी, तोंड कुठलं म्हणायचं?"

"सोन्याचे दात हायत ते. तेवढं बी कळंना व्हय मला?"

चौथा खण बाहेर आला. हार्डडिस्कच्या मागच्या टोकाला जिथं धातूच्या पिवळ्या बारीक पट्ट्या असतात, जिथून तिचं सगळं बोलणं व्हायचं, तिथं ओली हळद आणि कुंकू कालवून बसलं होतं, वाळून पापुद्रा झाला होता. पहिल्या तिघींना बोटभर लागलं होतं. शेवटची म्हणून वाटीतलं उरलेलं सगळं हिच्या वाट्याला आलं होतं. इतक्या वेळा ती आतबाहेर केली, पण खण ओढायचा आणि दुसरीकडं ढकलायचा याच्यापलीकडं कुणी तिला उलटी करून बघितलंच नव्हतं.

लेन्स पुसायचं स्पिरिट आलं, कोरा दातांचा ब्रश आला. शिवरंजनी एकेक पट्टी घासत बसली. हार्डडिस्क वाळली, खणात गेली. बटण दाबलं. पडद्यावर तीन नावं आली, आणि त्यांच्याखाली सालावार लग्नं एकाखाली एक उघडत गेली.

"उंदरानं तार खाल्लेली बघितली, मुंग्यांचं वारूळ बघितलं," गौरीशंकर हसत सुटला. "कुंकवानं बेशुद्ध पडलेली आज बघितली."

"आमची औतं कधी पडली न्हाईत बेशुद्ध," कोंडाबाई म्हणाली. "तुमचाच माल नाजूक." आणि रिकामे कप घेऊन ती आत गेली.

गौरीशंकर जाता जाता बजावून गेला. तिन्ही एकाच वयाच्या, थकलेल्या. एक जरी आता बसली तरी ह्या वेळी कुंकू पुसून भागायचं नाही. शिवराजनं लगेच धागा पकडला. "मग हेच सांगतो. अलीकडची दोन सालं बारक्या डिस्कवर काढून घेऊ, बाकीचं सोडून देऊ. ड्रोनचे पैसे तसेच राहतील. गिऱ्हाईकं ड्रोन मागत्यात, वहिनी. न्हायतर भूमला चाललीत."

"जाऊ द्यात. ज्यांना आभाळातनं लग्न बघायचंय त्यांनी भूमला जावं. जमिनीवरनं बघणारी म्या इथं हाय."

ड्रोन मागं पडला. पुण्याहून मोठाल्या नव्या हार्डडिस्क आल्या. लाईट गेली तरी डबा दमानं बंद व्हावा म्हणून एक बॅटरी आली. उकाड्याच्या भिंतीपासून फळी हलली आणि मागं नवा पंखा लागला. मग जुन्यातलं सगळं नव्यात उतरायला सुरुवात झाली, बारीक नळाखाली रांजण लावावा आणि तो भरता भरू नये, तशी. शिवरंजनी पडद्यापुढून हलेना. जेवण तिथंच, फोन तिथंच. एक घरगुती बारसं तिनं चक्क नाकारलं.

दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टर जुना, फार ओढायचा नाही. तिनं घरातलं एकेक उपटायला सुरुवात केली. फ्रीज गेला, पंखे गेले, शिवराजचा चार्जरवरचा मोबाइल गेला.

"वहिनी, माझा फोन!"

"शेजारी लावा."

टीव्हीची पिन निघाली तेव्हा कोंडाबाईनं डोळे वटारले.

"आत्या, मालिकेतली ती सासू उद्याबी तिथंच रडत असणार. हे एकदा गेलं तर गेलं."

कोंडाबाई पदरानं वारा घेत डब्याच्या शेजारीच येऊन बसली.

सगळं उतरलं. एकही लग्न मागं राहिलं नाही. जुन्या तिघींना शिवरंजनीनं मऊ कापडात गुंडाळलं आणि नवऱ्याच्या, सुरजच्या, खोलीवर भूमला पाठवायच्या एका नकलेची तयारी धरली. सुरज तिथल्या आगारात एसटीचा वाहक होता. एकच डबा, एकच घर ही चूक तिला पुन्हा करायची नव्हती.

मग तिनं बनाबाईला बोलावलं. दोघी पडद्यापुढं बसल्या. पिराजी सगळीकडं होता आणि कुठंच नव्हता. मांडवाच्या कोपऱ्यात पाठमोरा, माळांच्या वेटोळ्याआड अर्धा, नवरीच्या खांद्यामागं नुसता हात. शिवरंजनीला दिसायच्या आधी बनाबाईला दिसायचा. "थांब. त्या शिडीवरच्या टाचा बघ. त्यांच्याच. हिवाळ्यात म्या तेल लावायचे तिथं." पुढं एका लग्नात तो शिडीच्या शेंड्यावर होता, वायर दातात धरलेली. खालून कुणी हाक मारली असावी. त्यानं वळून बघितलं आणि वायर दातात तशीच ठेवून तो हसला. शिवरंजनीनं चित्र तिथं थांबवलं.

बनाबाईनं पडद्यावर बोट टेकवलं. "ह्यो माझा माणूस."

शिवराजनं हात पुढं केला. मनानं तो वाईट नव्हता. "द्या इकडं. तोंड तेवढं कापून घेतो, वायर पुसतो, मस्त कोट-टाय बसवतो. सगळ्यांना तसंच करतो."

"कोट?" बनाबाई म्हणाली. "लग्नातबी त्यांनी दुसऱ्याचा कोट अंगाला लावून घेतला न्हाय. कोट न्हाय, टाय न्हाय. वायर पुसायची न्हाय. आणि शिडी कापायची न्हाय."

"मावशी, फलकावर शिडी? लोकं हसतील."

"हसू दे. ज्याला हसायचं त्यानं आधी आपल्या दारातला मांडव कुणी उजळला ते आठवावं."

फलक उभाच्या उभा छापावा लागला. चौकात तो लागला तेव्हा शेजारच्या वाढदिवसाच्या फलकापेक्षा वर गेला होता. दुपारपर्यंत महारुद्र दुकानात हजर. चित्र त्याच्या लग्नातलं होतं, खालच्या कडेला त्याच्या फेट्याचा तुरा दिसत होता.

"शिवरंजनीबाई, माझ्या लग्नातला फोटो, मला न विचारता चौकात?"

"तुमचं लग्न तुमी नेलंत, महारुद्रभाऊ. मला दाखवा, तुमच्या अल्बमात ह्यो माणूस कुठं हाय?"

महारुद्र डोकं खाजवू लागला.

"न्हाय ना? मग तेवढा तुकडा तुमचा न्हाय. त्याच्या बायकोचा हाय."

तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचं कार्ड कॅमेऱ्यातून काढलं, कंप्युटरला लावलं आणि आतलं सगळं डब्यात उतरवायला घातलं. मागची माणसंसुद्धा.