हरलो तर फी नाही
वर्ना कडमोरला भांडखोर म्हणणाऱ्यांनी एकतीस वर्षं तिच्या हातची सँडविच फुकट खाल्ली होती, हे आधी सांगितलेलं बरं. नवरा क्लॅरी गेल्यावर तिला घरी करमेना, म्हणून दर शुक्रवारी ती गावच्या बोलिंग क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळायची. तिथंच ओल्या फरशीवर घसरून तिचा खुबा मोडला. घराच्या पायऱ्या चढवेनात, मदतीला बाई ठेवायची तर ऐपत नाही. शेवटी क्लबावर भरपाईचा दावा लावायला तिनं टीव्हीवरच्या जाहिरातीतला वकील गाठला.

"जिंकलो तर फी, हरलो तर मला दमडीही नको," तो म्हणाला. "पण हरलो तर समोरच्यांच्या वकिलांचा खर्च तुमच्या डोक्यावर बसू शकतो हं. ते माझ्या हातात नाही."

वर्नानं पहिलं वाक्य मनात धरलं आणि दुसऱ्याला नुसती मान डोलावली. माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं.

क्लबात तिच्याशी बोलणं बंद झालं. तिनं जिवाभावाच्या मैत्रिणीला, डल्सीला फोन केला. "अगं, तुमच्या खिशातून थोडेच जाणार? क्लबाची विमा कंपनी देईल."

"खिशाचं कोण बोलतंय, वर्ना? फरशी मी पुसली होती. कोर्टात मलाच उभं करणार ना?"

त्यानंतर फोन वाजला की वकिलाचाच असायचा. खरं सांगायचं तर तिला तोही बरा वाटायचा.

विमा कंपनी चाळीस हजार डॉलर द्यायला तयार झाली. वकील म्हणाला, "घ्या आणि मोकळ्या व्हा. नाही म्हणून हरलात तर घर जाईल."

"आता पैसे घेतले तर गाव म्हणेल, म्हातारी याच्यासाठीच पडली. माझं खरं होतं हे न्यायाधीशाला सांगू दे."

कोर्टात डल्सी खालमानेनं म्हणाली, "मी तिला सांगितलं होतं, फरशी ओली आहे, थांब जरा." आणि ते खरंच होतं. वर्नाला ते तिथं बसल्या बसल्या आठवलं, दोन वर्षं उशिरा.

वर्ना खटला हरली. वकिलानं शब्द पाळला, दमडी घेतली नाही. समोरच्यांच्या खर्चाचा आकडा मात्र सत्तर हजारांवर गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. क्लॅरीनं स्वतः बांधलेलं घर विकावं लागलं. उरल्यासुरल्या पैशांत ऐंशी किलोमीटरवर एक जुनं चाकांवरचं घर मिळालं, दुसऱ्याच्या जागेत उभं केलेलं. तिथं तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं.

एका शुक्रवारी तिला राहवेना. बस पकडून ती क्लबावर आली. दाराशी नवीन मुलगी बसली होती.

"सभासद आहात?"

"होते. खटल्याच्या काळात वर्गणी भरायची राहिली."

"मग गावातल्या माणसाला कुणा सभासदानं सही करून आत घ्यावं लागतं, आजी. आत कुणी ओळखीचं आहे?"

काचेपलीकडं डल्सी बसली होती. तिनं वर्नाला पाहिलं, आणि ताटातले वाटाणे काट्यानं इकडचे तिकडं करत राहिली.

"नाही," वर्ना म्हणाली.

"राहता कुठं?"

वर्नानं सांगितलं.

"एवढ्या लांब? मग काहीच अडचण नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना स्वतःची सही चालते."

वर्नानं वहीत नाव लिहिलं, पुढं नवा पत्ता लिहिला.

"पहिल्यांदाच येताय ना?" मुलगी हसून म्हणाली. "जेवणाची खोली डावीकडं आहे."

"बरं," म्हणून वर्ना डावीकडं वळली.