आठे बठ्ठा

सोमवार, सोळा जून. शाळेचा पहिला दिवस. सकाळी सातपासून शिक्षकांच्या खोलीत बसून मी चौसष्ट नावपट्ट्यांना सेफ्टी पिना लावत होते. पाचवीत नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पोराच्या छातीवर एक पट्टी. नाव, गाव, तुकडी.

धुळ्यातली आमची शाळा पाचवी ते दहावीची. चौथीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेली पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून आमच्याकडे येतात. पहिल्या दिवशी नववीतले विद्यार्थी प्रतिनिधी त्यांना शाळा दाखवतात. पाण्याचा नळ कुठला, मुतारी कुठे, कोणते सर कान पिळतात, हे सगळं तेच सांगतात आणि ते आमच्यापेक्षा बरं सांगतात. मग हॉलमध्ये स्वागत होतं. त्यात माझ्याकडे पिना, पाणी आणि चपलांची रांग. नऊ वर्षं एवढंच. माइक नाही.

माइक का नाही, ते आधी सांगते.

नऊ वर्षांपूर्वी माइक माझ्याच हातात होता. पोरं हॉलच्या दारात गर्दी करून उभी होती, आत यायला कुणी तयार नव्हतं. मी खेड्यातली, घरी आम्ही अहिराणी बोलतो. तोंडून निघून गेलं, "आठे या रे, आठे या." आठे म्हणजे इथे. पोरं हसली आणि आत यायला लागली. तेवढ्यात आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी माझ्या हातातून माइक घेतला. त्या पुण्याकडच्या, त्याच वर्षी संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून बदलून आलेल्या. म्हणाल्या, "आठ नाही हो बाई, साठ आहेत मुलं. आणि शाळेत मराठीत बोलायचं असतं."

हॉल हसला. पालक हसले, शिक्षक हसले. दारातली पोरं थांबली.

त्या दिवसापासून मी आठेबाई. "आठेबाई, किती वाजले? आठे?" "आठेबाई, परीक्षेचे गठ्ठे किती, आठे का?" पहिलं वर्ष मीही हसले. नोकरी नवी होती. दुसऱ्या वर्षी हसणं बंद केलं, तर मॅडम म्हणाल्या, "बाईंना विनोद सोसत नाही." तिसऱ्या वर्षापासून मी वाट बघायला लागले. कशाची ते मला माहीत नव्हतं, पण वाट बघत होते हे नक्की.

मॅडमनी स्वागतात आणखी एक प्रथा सुरू केली होती. नव्या पोरानं स्टुलावर उभं राहून ओळख करून द्यायची. पोर म्हणणार, "मनं नाव..." की समोरच्या रांगेतले प्रतिनिधी एका सुरात ओरडणार, "माझं! पुन्हा!" पोर परत सुरू करणार, परत अडणार. एका वर्षी एक मुलगी पाच वेळा स्टुलावर "मनं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिचे वडील दाखला न्यायला आले. मॅडमनी रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, अंतर.

यंदा मुख्याध्यापक बदलले. नवे सर पारोळ्याकडचे. आल्या आल्या त्यांनी स्टूल उचलायला लावलं. म्हणाले, "स्वागत पोरांच्या बोलीत करायचं. अहिराणीत. सुरुवात मॅडम करतील, दोनच वाक्यं." मॅडमना नाही म्हणता येईना. विद्यार्थी प्रमुख म्हणून नववीतली एक खेड्यातली मुलगी सरांनी निवडली. तिला शाळेत यायला एसटीनं पाऊण तास लागतो. गावातच दहावीपर्यंत शाळा असताना रोज एवढं कशाला, असं तिचे आबा दर जूनमध्ये म्हणतात. यंदा नातीचं नाव सूचनाफलकावर सगळ्यात वर लागलंय हे कळल्यावर ते गप्प बसले. ते नाव फलकावर होतं तोवर तिची शाळा होती, सरळ हिशेब.

मॅडमनी मंचावर वाचायचं कार्ड त्या मुलीनं लिहून दिलं होतं. चांगलं, मोठ्या अक्षरात. "राम राम. तुम्ही बठ्ठा आठे उनात, आम्हले बरं वाटनं." तुम्ही सगळे इथे आलात, आम्हाला बरं वाटलं.

तर मी पिना लावत होते. साडेनऊला मॅडम कार्ड घेऊन आत आल्या. खोलीत आम्ही दोघीच.

"आठेबाई, आज तुमचाच दिवस."

मी मान हलवली.

"आठे तर मला पाठ आहे. तुमच्याच कृपेनं." त्या कार्डावर बोट फिरवत होत्या. "आणि हे बठ्ठा म्हणजे बसा ना? वर्गात मॉनिटर ओरडतात बघा, बठ्ठा बशी जा. आणि मुलं बसतात. म्हणजे बसाच."

बठ्ठा म्हणजे सगळे. बठ्ठा बशी जा म्हणजे सगळे बसा. नऊ वर्षं धुळ्यात राहून, रोज भाजीबाजारात जाऊन या बाईला तो शब्द कळला नव्हता. कळून घ्यायचाच नव्हता. मॉनिटरच्या ओरडण्यावरून त्यांनी तर्क लढवला होता आणि वर तो मला तपासायला आणला होता.

"हो," मी म्हटलं. "बसाच."

"वाटलंच मला. मग शेवटी मुलांना बसवायला तेच म्हणते. तेवढंच सरांना बरं वाटेल."

"म्हणा ना," मी म्हटलं. पीन बोटात घुसली होती. रक्त पुसलं आणि पुढची पट्टी घेतली. घाई नव्हती. मन इतकं शांत होतं की मला स्वतःचंच नवल वाटलं.

दहाला हॉल भरला. चौसष्ट पोरं उभी, मागे पालक, दारात नाना शिपाई. प्रतिनिधी रांगेच्या कडेला. मॅडम मंचावर आल्या, कार्ड वाचलं. उच्चार पुण्याचे, पण वाक्य बरोबर. टाळ्या पडल्या. सर खूष झाले. मॅडमना हुरूप आला. त्यांनी दोन्ही हात पसरले, आईनं पिलांना बोलवावं तसे, आणि माइकवर म्हणाल्या, "आता आठे बठ्ठा!"

सगळे इथे.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका बारक्यानं विचारलं, "बाई, बठ्ठा येऊत का?"

मॅडमना वाटलं, तो बसायला जागा विचारतोय. त्या हसून म्हणाल्या, "हो बाळा, बठ्ठा! आठे बठ्ठा!"

"चाला रे, बठ्ठासले बलायं!" तो मागे वळून ओरडला. सगळ्यांना बोलावलंय.

आणि निघाली. चौसष्टच्या चौसष्ट. मंचाला तीन पायऱ्या होत्या, त्या कुणी वापरल्या नाहीत. समोरून चढली, बाजूनं चढली, एकमेकांना हात देऊन चढली. मॅडम मागे सरकत भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथून जोरात ओरडल्या, "अरे बठ्ठा! बठ्ठा!" त्या ओरडल्या की आणखी चढायची. व्हरांड्यात सहावीचा वर्ग जात होता. त्यांनी आतून हाक ऐकली, तेही आत आले. दोन आया कडेवरच्या पोरांसकट मंचाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बोलावणं बठ्ठ्यांना होतं, त्यांनी का मागे राहावं?

"खाली उतरा! मी बठ्ठा म्हणतेय ना!"

"आवो बाई, तुम्हीच तं बलायं नं पोऱ्यासले," मागून एक म्हातारा म्हणाला.

त्याच्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बलावस बी, आनि हाकलस बी."

मग जो हशा झाला तो मी नऊ वर्षं थांबून ऐकला. मी पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. तिथून मॅडमचं फक्त डोकं दिसत होतं आणि वर धरलेलं ते कार्ड. सर स्वतः हसत होते, चष्मा काढून. मी हसले नाही. मी बघत होते. एकही क्षण डोळ्याआड जाऊ द्यायचा नव्हता. शेवटी नववीच्या त्या मुलीनं मंचावर चढून एकदाच म्हटलं, "खाले उतरा रे, आनि बशी जा," आणि दोन मिनिटांत हॉल जागेवर आला. कुणाला खरचटलंदेखील नव्हतं.

दुपारी मॅडम त्या मुलीला घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. मी उरलेल्या पट्ट्यांचा खोका ठेवायला गेले होते, दारात थांबले.

"हिनं कार्डावर मुद्दाम चुकीचा शब्द लिहिला. मला तोंडघशी पाडायला. आता शाळाभर पोरं मला बठ्ठाबाई म्हणताहेत!"

"मॅडम, मी बरोबर लिहिलं," मुलगी म्हणाली. "कार्ड बघा."

कार्ड त्या गर्दीत कुठेतरी फाटलं होतं.

"सर, ही जागा हिला झेपत नाही. नाव काढा."

सरांनी उद्या बघू म्हटलं, पण तोवर नाव फलकावरून उतरवायला सांगितलं. नानांनी टाचण्या काढल्या. मी खोका कपाटावर ठेवला आणि बाहेर आले.

मुलगी चपला घालत होती. रडत नव्हती, चिडली होती. "बाई, मुद्दाम करायचं असतं ना, तर मी याच्यापेक्षा भारी केलं असतं."

"मग घरी काय सांगशील?"

"आबा उद्या बाजाराला येतील तेव्हा शाळेत डोकावणार आहेत. फलक बघायला." ती पट्टा ओढत राहिली. "बघितला की दाखलाच मागतील, बाई. त्यांना तेवढंच निमित्त पाहिजे."

घरी येऊन मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा कुटला. भाकरी चांगल्या फुगल्या. दिवसभराचा आनंद अजून हाताला होता, खोटं कशाला सांगू. पण एक गोष्ट खटकत होती. मुलीचं वाईट वाटणं वेगळं, ते होतंच आणि ते मला निस्तरायचं होतं. खटकत होतं ते असं की मॅडमना माझा संशयसुद्धा आला नव्हता. सकाळी त्यांनी शब्द मला विचारला होता, मी हो म्हटलं होतं. दुपारी अपराधी शोधताना त्यांना चौदा वर्षांची पोर दिसली, मी दिसले नाही. जिला नऊ वर्षं टोचलं, तिला ते टोचलं असेल, हे त्या बाईच्या मनाला शिवलंच नव्हतं. आठेबाईनं उत्तर दिलं म्हणजे ते खरंच असणार. आठेबाई आणखी काय करणार?

निनावी सूड कसला? ज्यानं खायचा त्याला वाढणारा हात दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थनेच्या अर्धा तास आधी शाळेत पोचले. मॅडम सरांच्या खोलीत हजेरीच्या सह्या तपासत होत्या. त्या तिथे असतील हे बघूनच आत गेले.

"सर, काल मॅडमनी मला विचारलं होतं, बठ्ठा म्हणजे बसा ना. मी हो म्हटलं. मुलीचं कार्ड बरोबर होतं."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमना आठवलं. चेहऱ्यावरून कळलंच ते.

"घाईत चुकून निघालं असेल तोंडातून," सर म्हणाले. माणूस भला. वाट करून देत होता.

"चुकून नाही, सर. मला अर्थ माहीत होता. मुद्दाम म्हटलं."

"पण का?" मॅडम. पहिल्यांदाच त्यांनी मला नुसतं विचारलं, मागे काही न जोडता.

"नऊ वर्षं तुम्ही मला कोणत्या नावानं हाक मारता, ते सरांसमोर एकदा मारून दाखवा."

त्या मारू शकल्या नाहीत. पेन उचललं, ठेवलं. सर वाट बघत राहिले. मी पण. मला अजिबात अवघडल्यासारखं वाटत नव्हतं.

सरांनी नानांना बोलावून मुलीचं नाव परत लावायला सांगितलं, आता, लगेच. मग माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. "लेखी खुलासा द्यावा लागेल, बाई. फाइलला लागेल. पुढे वरिष्ठ वेतनश्रेणीच्या वेळी आडवा येईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तिथेच उभ्याउभ्या लिहिला. तीन ओळी. काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, उत्तर चूक आहे हे मला माहीत होतं. सरांनी वाचला आणि म्हणाले, "खाली एक ओळ टाका. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे."

"मुलीला त्रास झाला त्याबद्दल टाकते," मी म्हटलं आणि तेवढं टाकलं. मॅडम वाचत होत्या, उलट्या बाजूनं. सही केली, वेळ घातली, नऊ वाजून पन्नास, आणि प्रार्थना संपल्यावर नववीवर पहिल्या तासाला गेले.