बाहेर येणारं माप

गावाकडे मी सुतारकामाची मोठी शेड बांधत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर ज्या शाळेने घडवला, तिच्यासाठी तिथे पुस्तकांची चारचाकी गाडी बनवायची होती.

दाराच्या बिजागऱ्या घ्यायला शनिवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. म्हातारे मालक प्रत्येक बिजागरी कानाशी धरून उघडमीट करत, मगच गिऱ्हाइकाला देत.

“दार केवढं?” त्यांनी विचारलं.

“चार फूट. सगळी यंत्रं आत जातात.”

“अहो, आत जाणारं मोजलंत. बाहेर येणारं कोण मोजणार?”

गाडी सात फूट रुंद होणार होती. मी तसाच परतलो, भिंत फोडून दार दहा फुटी केलं आणि बिजागऱ्या त्यांच्याकडूनच आणल्या.

परवा गाडी त्या दारातून थाटात बाहेर आली. दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली होती, आणि बिजागऱ्या जराही करकरल्या नाहीत.