गेस्टहाउसची लाइन

"आवं साहेब, परत झोपलं की हे!" साळुंखे म्हणाले.

नवी सिस्टीम घातल्यापासून मशीन तिसऱ्यांदा अडकलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, गळीत हंगाम भरात होता आणि इस्लामपूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी डोकं धरून बसलो होतो. मी पुण्याच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. साळुंखे डेटा सेक्शनचे प्रमुख, आर्मीच्या सिग्नल्समधून रिटायर झालेले.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचा कारभारी. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे तीच ठरवते. यंदा सभासद वाढले, जुन्या सिस्टीमला ते झेपेनात, म्हणून तिची नवी आवृत्ती आणली. कुणाच्या उसाला तोड कधी, ती यादी याच मशीनवर निघायची. चेअरमननी साळुंख्यांना बजावलं होतं, "शनवारपतोर यादी न्हाई निघाली, तर मशीन परत आन् तुमी वजनकाट्यावर." कॉम्प्युटर घ्या म्हणून संचालकांशी भांडलेला हा एकटाच माणूस. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं आणि डिस्ककडे बघून संताप यायचा.

डिस्कवर सिस्टीम पुन्हा भरली. मेमरी तपासली. शेवटी पुण्याला ट्रंक कॉल लावला.

"इथे हीच डिस्क झकास चालत होती," बॉस म्हणाले. "तिकडे काय वेगळं आहे ते बघ."

तिकडे मळीच्या वासापासून सगळंच वेगळं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुन्हा अडकलं तेव्हा वैतागून मान वर केली. ट्यूबलाइट लुकलुकत होती. पुढच्या वेळीही तेच.

"ही अशी का करते हो?"

"सेंट्रिफ्युगल सुरू झाली की करती. आपली लाइट टर्बाइनचीच न्हवं!"

हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः बनवतो. सेंट्रिफ्युगल म्हणजे साखर आणि मळी वेगळी करणारी, गरगर फिरणारी मोठी यंत्रं. ती सुरू होताना विजेला झटके बसतात. नवी सिस्टीम विजेच्या लहरी मोजून वेळ ठेवायची. प्रत्येक झटका ती लहर म्हणून मोजत असणार आणि त्या मोजणीतच बुडत असणार. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, असले झटके नाही.

पण ही नुसती अटकळ. खात्री करायला सेंट्रिफ्युगल थांबवायला हव्या होत्या. चीफ केमिस्ट कदम माझ्यावर उखडलेच.

"हंगामात? तुमच्या त्या टाइपरायटरसाठी?"

"धा मिनटं द्या, कदमसाहेब," साळुंखे म्हणाले. "न्हाई जमलं तर मी आपणहून काट्यावर जातो. शनवारची वाट बघायची गरज न्हाई."

कदमांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात वर करून खूण केली. घरघर थांबली. आम्ही अक्षरशः पळत कॉम्प्युटर रूममध्ये आलो. मशीन सुरू झालं ते चालतच राहिलं. सेंट्रिफ्युगल पुन्हा फिरल्या आणि ते गप्प झालं. इतका आनंद मला कुठल्या बिघाडाचा झाला नव्हता.

आता स्वच्छ वीज हवी होती. वीज बोर्डाची लाइन हंगामात एकाच ठिकाणी वापरली जायची, गेस्टहाउसवर. ती एकटी लाइन दोन्हीकडचा भार पेलणारी नव्हती आणि हंगामभर तिथे चेअरमनच मुक्कामाला असत.

"म्हंजे माझी लाइन मशीनला, आन् मी टर्बाइनवर?" चेअरमननी विचारलं.

"व्हय साहेब," साळुंखे म्हणाले. "न्हाईतर यादी न्हाई."

चेअरमननी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वडा वायर."

शनिवारी दुपारी यादी निघाली. मी एक धडा घेतला. नवी सिस्टीम पडली की आधी विचारायचं, जुनी कशाकडे बघतच नव्हती? जुनी विजेच्या या घड्याळाकडे बघत नव्हती, म्हणून सुखात होती.

सोमवारी मी निघताना चेअरमन कॉम्प्युटर रूममध्ये आले. डोळे तांबारलेले.

"साळुंखे, रातभर लाइट लुकलुकती. फॅन मधीच दमतो. झोप म्हनून न्हाई."

साळुंखे यादीची घडी घालत शांतपणे म्हणाले, "साहेब, मशीनचीबी हीच तक्रार हुती."