वाळवंटातला सिनेमा आणि आमचे सर
ऑफिसच्या किचनमध्ये कुणी मायक्रोवेव्हला पॉपकॉर्न लावले की त्या बटरच्या वासानं माझं डोकं अजूनही तापतं. काही वर्षांपूर्वी, कॉलेजात ज्यांनी मला चळवळीत ओढलं ते पुण्याचे सर मुलीकडे इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला आले होते, म्हणून मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बाहेर आडवा पाऊस झोडपत होता आणि टीव्हीवर वाळवंटातला साहसपट लागला होता: उंटांचे तांडे, लुटारू अरब आणि त्यांच्याच टोळीचा तारणहार झालेला गोरा हिरो. अशाच एका सिनेमाविरुद्ध सरांनी आम्हाला थिएटरसमोर उभं केलं होतं. 'वाळवंट त्यांचं आणि हिरो मात्र गोरा, हे चालू द्यायचं नाही,' असं ते तेव्हा गरजले होते. दिवसभर पोलीस चौकीत बसून माझा पेपर बुडाला, वर्ष गेलं. आता तेच सर सोफ्यावर मांडी घालून म्हणाले, "या लोकांना वठणीवर आणायला असाच कुणीतरी लागतो." मी म्हटलं, "सर, याच्याविरुद्धच घोषणा दिल्या होत्या आपण! माझं वर्ष गेलं त्यात!" ते हसले. "अगं, वय होतं ते. तू अजून तेच धरून बसलीस?" मतं बदलली, बदलू देत, पण माझ्या वर्षाचं हसू यावं? तेवढ्यात टीव्हीवरची नजर न हलवता त्यांनी पॉपकॉर्नचं रिकामं वाडगं पुढे केलं, आणि पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं म्हणून मी उठून ते काठोकाठ भरून आणलं. सरांवर मी आजही चिडते, पण त्याहून जास्त चिडते ती तेव्हा मुकाट उठलेल्या माझ्यावर.