सत्कारमूर्ती शिडीवर

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून जे झालं, ते मनातून जाईना, म्हणून इथं लिहितोय.

आमच्या पिंपळवंडीचा सागर पुण्याच्या एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. डिफेंडर आहे. तो गोल करत नाही, समोरच्यालाही करू देत नाही. क्लबनं त्याच्याशी आता पाच वर्षांचा करार केलाय. गावाला लई आनंद! आज चावडीसमोर सत्कार ठेवला. फ्लेक्सवर मधोमध सागर, खाली आम्ही शुभेच्छुक.

ऐनवेळी फ्लेक्सची एक दोरी सुटली. मी ओरडलो, "सागर, चढ रं शिडीवर!"

गावच्या टीमची जाळी बांधायची असो की मैदान आखायचं असो, कायम त्यालाच सांगायची सवय. आईनं नारायणगावातून आणलेला नवा पांढरा शर्ट घालून पोरगा मुकाट्यानं चढला.

तेवढ्यात सरपंच हार घेऊन आले. "सत्कारमूर्ती कुठंय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. सागर दातात सुतळी धरून स्वतःच्याच फोटोचा कोपरा बांधत होता. लोक हसले. मीही हसलो. त्याची आई तेवढी हसली नाही.

नंतर मी त्याला गाठलं. "चुकलं राव माझं."

"जाऊ द्या दादा. तुमी काय परक्याला सांगितलं व्हतं का?"

आता सत्काराचे फोटो आलेत. प्रत्येक फोटोत हाराखाली, त्या पांढऱ्या शर्टावर शिडीच्या गंजाचा पट्टा दिसतोय.

त्याच्या आईनं फोटो मागितलेत. कोणत्या तोंडानं पाठवू, तुम्हीच सांगा.